शैवाल-बहर (गोड्या पाण्यातील)

पोषक द्रव्ये वाढलेल्या पाण्यात सूक्ष्म शैवाले झपाट्याने वाढून पाण्याचा रंग, वास व त्यातील प्राणवायूचे प्रमाण बदलते, त्या स्थितीस शैवाल-बहर म्हणतात. किनारी शहरांच्या सांडपाण्याने समुद्रातही असा बहर येतो. येथे भर पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव (मामा तलाव) व बोड्यांवर (शेतातील लहान तळ्यांवर) आहे.

बहरास नत्र (नायट्रोजन) कारणीभूत की स्फुरद (फॉस्फरस), हा वाद जुना आहे. १९७३ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २२६ क्रमांकाच्या सरोवराचे पडदा टाकून दोन भाग करण्यात आले. नत्र व कार्बन दोन्हींकडे घातले, स्फुरद एकाच भागात. बहर स्फुरदाच्या बाजूला आला. यावरून या प्रयोगाचे शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी गोड्या पाण्यात स्फुरद निर्णायक ठरवले. समुद्रात बहुधा नत्र आधी अपुरे पडते. दोहोंवर एकत्र नियंत्रण हवे, असे मानणारा पक्ष अलीकडे बळावला आहे. ॲनाबीनासारखी नीलहरित शैवाले हवेतील नत्र स्वतः बांधून घेतात (धानाच्या बांध्यांत याच गुणामुळे ती उपकारक ठरतात, पी. के. डे यांनी १९३९ मध्ये हे दाखवले). त्यामुळे तलावांपुरते शिंडलर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र मायक्रोसिस्टिस या दुसऱ्या नीलहरित शैवालाला नत्र बांधता येत नाही, म्हणून दुसरा पक्ष पूर्णतः बाद होत नाही.

मामा तलावांचे बांधकाम मुख्यतः कोहळी समाजाकडे जाते. गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, ही परंपरा प्रसिद्ध आहे, पण तिला लेखी आधार तोकडा आहे. नवेगाव बांध हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीचा मानतात. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून बांध्यांत टाकण्याची जुनी रीत होती. गाळाला चिकटलेला स्फुरदही त्यासोबत बाहेर जात असणार. १९५१ मध्ये मालगुजारी (जमीनदारीची पद्धत) संपून तलाव शासनाकडे गेले व ही घडी विस्कटली. पुढे धानाला डीएपी (स्फुरदयुक्त रासायनिक खत), कपड्यांना डिटर्जंट आणि गावच्या नाल्यांचे पाणी यांची भर पडली. तळाशी प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेला स्फुरद गाळातून पुन्हा पाण्यात सुटतो. केवळ खत कमी केल्याने तलाव लगेच सुधारत नाही, तो यामुळे. गोसीखुर्द जलाशयाची बाब वेगळी आहे. तेथे नागपूरचे सांडपाणी नाग, कन्हान व वैनगंगा या वाटेने पोचते.

बहरात शैवाले रात्री प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. ढिवरांचे (मासेमारांचे) नुकसान येथे सुरू होते. मायक्रोसिस्टिस यकृतास घातक मायक्रोसिस्टिन तयार करू शकते. पाणी उकळून ते नष्ट होत नाही. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. बहराचे पाणी पिऊन गुरे दगावल्याची पहिली शास्त्रीय नोंद ऑस्ट्रेलियातील, १८७८ ची, समजली जाते. डबक्यांवर दिसणारा विटकरी तवंग मात्र पुष्कळदा युग्लीनाचा असतो. त्याला नीलहरित बहर समजू नये.

शैवाले मारण्यासाठी मोरचूद टाकल्यास त्यांच्या पेशी फुटून विष पाण्यात उतरते, म्हणून पिण्याच्या तलावांत तो उपाय टाळतात. शासनाच्या २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा हेतू साठवण व जमिनीची सुपीकता हा आहे. स्फुरद बाहेर काढणे हा तिचा आनुषंगिक लाभ म्हणता येईल.