सुगम्यता परीक्षण

एखादी इमारत, रस्ता, वाहन, संकेतस्थळ किंवा कामाची जागा अपंग व्यक्तीला दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता येते का, हे प्रत्यक्ष वापरून व मोजून पाहण्याची आणि त्यातील अडथळे उपायांसह लेखी मांडण्याची पद्धत. व्यवसायात तिला सर्रास ‘अ‍ॅक्सेस ऑडिट’ म्हणतात. हे परीक्षण अपंग व्यावसायिकांनीच करावे, ते दानधर्म किंवा सल्ल्याची मेहेरबानी न राहता मोबदल्याचे काम व्हावे, या विचारातून काही सामाजिक उद्योग उभे राहिले आहेत. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात रूढ असला तरी अपंगांच्या चळवळीतील अनेकांना तो मान्य नाही, म्हणून या नोंदीत ‘अपंग’ हाच शब्द वापरला आहे.

परीक्षण कशासाठी लागते, हे दाराशी असलेल्या एका पायरीवरून कळते. चालणाऱ्या माणसाला ती दिसतही नाही. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी इमारत तिथेच संपते. भारतातील प्रचलित मानकाप्रमाणे रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठी किमान १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. प्रत्यक्षात उरलेल्या जागेत बसेल तेवढा घसरगुंडीसारखा उतार बांधला जातो आणि कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होते. टेप घेऊन गेलेल्या कोणालाही हा दोष सापडू शकतो. पण रॅम्प चढून गेल्यावर दार बाहेर उघडत असेल तर ते ओढताना खुर्ची मागे घ्यायला सपाट जागा आहे का, हे ज्याची खुर्ची कधीतरी मागे घसरली आहे तो न सांगता तपासतो. स्वच्छतागृहात आधाराची दांडी आहे, पण ती भिंतीच्या ज्या बाजूला आहे तिथून खुर्चीतून कमोडवर सरकता येईल का? लिफ्टमध्ये ब्रेल आहे, पण मजला बोलून सांगितला जातो का? असे प्रश्न अनुभवातूनच सुचतात.

एका प्रकारचे अपंगत्व असलेल्या परीक्षकाने दिलेला उपाय दुसऱ्याला अडचणीचा ठरू शकतो, ही या कामातली सर्वांत बारीक गोष्ट. व्हीलचेअरसाठी पदपथाची कड रस्त्याच्या पातळीला आणली की पांढऱ्या काठीला लागणारी कड नाहीशी होते आणि अंध व्यक्तीला पदपथ कुठे संपला हे कळत नाही. म्हणून तिथे उठावाच्या ठिपक्यांच्या फरश्या लागतात. ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे धोका’, लांब पट्ट्या म्हणजे ‘या दिशेने चला’. या फरश्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसवल्या गेल्या. आपल्याकडे त्या आता बऱ्याच ठिकाणी दिसतात, पण त्यांची वाट कधी झाडाच्या बुंध्याशी, कधी खांबाशी जाऊन थांबते. फरशी बसवणाऱ्याने ती सजावट समजलेली असते. चांगल्या परीक्षण गटात म्हणूनच व्हीलचेअर वापरणारे, अंध, अल्पदृष्टी आणि कर्णबधिर असे निरनिराळे लोक असतात व ते एकत्र फिरतात.

अपंग व्यक्तीच या विषयाच्या तज्ज्ञ असतात, याचे दाखले जुने आहेत. ‘सार्वत्रिक आराखडा’, म्हणजे मुळातच सर्वांना वापरता येईल अशी रचना, ही कल्पना रूढ करणारे अमेरिकी वास्तुविशारद रोनाल्ड मेस पोलिओमुळे स्वतः व्हीलचेअर वापरत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही विनामूल्य संगणकप्रणाली २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध तरुणाने लिहायला घेतली आणि जेम्स टेह हे त्यांचे अंध मित्र लवकरच त्यांना येऊन मिळाले. महागड्या प्रणाली न परवडणाऱ्या भारतीय अंध तरुणांना संगणकाच्या नोकऱ्यांची वाट तिने मोकळी करून दिली. डिजिटल परीक्षणाचा आजचा बराचसा व्यवहार तिच्यावर चालतो.

भारतात या कामाची निकड कायद्याने निर्माण झाली, पण त्याआधी माणसांनी ती लावून धरली. जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले, तेव्हा अपंग हक्क चळवळीतील जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केल्यावर कुतुबमिनारसारख्या वास्तूंवर लाकडी रॅम्प टाकले गेले. अबिदी स्वतः व्हीलचेअर वापरत. जे पाहुण्यासाठी होऊ शकते ते रोजच्या नागरिकासाठी का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सुगम्यतेचा उल्लेख होता, मात्र ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाटही होती. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले आणि सरकारी इमारतींची परीक्षणे मोठ्या संख्येने होऊ लागली. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. मानके न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असेही त्यात आहे. हे कलम अमलात आले असते तर या नोंदीचा अर्धा भाग लिहावा लागला नसता.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक मूलभूत दोष दाखवला. कायदा सुगम्यता सक्तीची मानतो, पण नियमांतील मार्गदर्शक सूचना केवळ शिफारशीच्या स्वरूपात आहेत, तेव्हा तो नियम कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि सक्तीची किमान मानके ठरवण्यास केंद्राला तीन महिने दिले. मूळ याचिका २००५ सालची, आणि याचिकाकर्ते स्वतः दृष्टिबाधित.

परीक्षणाचे काम करणाऱ्या संस्थांचे स्वरूप एकसारखे नाही. इटलीने १९९१ च्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांचा वेगळा वर्ग केला आणि त्यातील एका प्रकारात किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतील असावेत असे ठरवले. अपंग व्यक्ती त्या गटांत येतात. भारतात सामाजिक उद्योगासाठी असा स्वतंत्र कायदेशीर साचा नाही. त्यामुळे कोणी न्यास असतो, कोणी ना-नफा कंपनी, कोणी साधी प्रायव्हेट लिमिटेड. दिल्लीची ‘सामर्थ्यम’ ही व्हीलचेअर वापरणाऱ्या अंजली अगरवाल यांची संस्था इमारती व वाहतुकीच्या परीक्षणांसाठी ओळखली जाते आणि दिल्ली मेट्रो सुगम करण्यात तिचा वाटा आहे. मुंबईत शिल्पी कपूर यांनी स्थापन केलेली ‘बॅरिअरब्रेक’ ही कंपनी संकेतस्थळे, अ‍ॅप आणि दस्तऐवज तपासते. तिचे बहुसंख्य कर्मचारी अपंग आहेत आणि ग्राहक त्यांच्या कौशल्याचे पैसे मोजतात. मुंबईच्याच सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र उद्योग नसले तरी त्याच्या सल्ल्याने २०१२ मध्ये युनियन बँकेने अहमदाबादला देशातील पहिले बोलके एटीएम बसवले. इअरफोन लावून, पडदा काळा करून, आपला पिन कुणाला न सांगता पैसे काढणे ही अंध खातेदारासाठी केवढी गोष्ट आहे, हे बँकेत दुसऱ्याच्या हातात कार्ड द्यावे लागलेल्या माणसालाच ठाऊक.

डिजिटल परीक्षणात यंत्र आणि माणूस दोघे लागतात. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे न पाहणाऱ्याला ऐकवायचे त्याचे वर्णन, जोडला आहे की नाही हे यंत्र क्षणात सांगते. तो मजकूर ‘आयएमजी ००४२’ असा निरर्थक आहे, हे ऐकणाऱ्या माणसाला कळते. संगणकीय आज्ञावलीची एक ओळ जोडली की संकेतस्थळ आपोआप सुगम होते, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी संगणकीय पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेले कागद डोळ्यांना शुद्ध देवनागरी दिसतात, पण वाचनप्रणाली तिथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंगाट ऐकवते. परिपत्रक छापून, सही करून, स्कॅन करून संकेतस्थळावर चढवले तर तेवढेही ऐकू येत नाही, कारण ते आता केवळ चित्र असते. मूळ फाइल युनिकोडमध्ये टंकून जशीच्या तशी ठेवली तर हा दोष फुकटात टळतो.

कार्यालयाच्या परीक्षणात रॅम्प आणि दारे हा सोपा भाग. आगीच्या वेळी लिफ्ट बंद होते, तेव्हा पाचव्या मजल्यावरचा व्हीलचेअर वापरणारा सहकारी खाली कसा येणार? भोंगा न ऐकू येणाऱ्या कर्मचाऱ्याला स्वच्छतागृहात धोका कसा कळणार? तिथे लुकलुकणारा दिवा हवा. भरतीची ऑनलाइन परीक्षा वाचनप्रणालीने सोडवता येते का, बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा थेट उपशीर्षके मिळतात का, हेही पाहिले जाते. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण ठरवावे असे कायदा म्हणतो. परीक्षकाने ते धोरण मागितल्यावर ते शोधायला किती वेळ लागतो, यावरून बरेच कळते.

या व्यवसायाची दुखणीही आहेत. परीक्षणाचा अहवाल घेतला जातो आणि दुरुस्तीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला जातो. अपंग परीक्षकाला छायाचित्रापुरते नेऊन मोजमाप व निष्कर्ष दुसऱ्यानेच लिहिणे, अनुभव ‘सांगण्यासाठी’ बोलावून मानधन न देणे, हे प्रकार चालतात. त्यातून अपंग माणसाचे ज्ञान मोफत मिळण्याची वस्तू आहे असा समज पक्का होतो, आणि सामाजिक उद्योगांचा झगडा मुख्यतः त्याच समजाशी आहे.

३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा व डोळे भाजलेल्या ग्राहकांना केवायसीच्या, म्हणजे ओळख पडताळणीच्या, वेळी ‘डोळे मिचकावा’ या सूचनेमुळे अडवले जात होते. त्यांच्यासोबत अमर जैन या अंध वकिलांचीही याचिका होती. न्यायालयाने दिलेल्या वीस निर्देशांत, प्रमाणित तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने सुगम्यता परीक्षण करून घ्यावे आणि नवी सुविधा आणताना तिच्या चाचणीत अंध व्यक्तींना सामील करावे, असे निर्देश आहेत.

रस्त्यांच्या बाबतीत असे काम अजून नागरिकांच्या पत्रांवर चालते. मुंबईत वाहने चढू नयेत म्हणून पदपथांच्या तोंडाशी खांब रोवले गेले आणि त्यांच्यामधून व्हीलचेअर जाईना. शिवाजी पार्क भागात राहणाऱ्या एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाने त्याबद्दल लिहिलेल्या पत्राची २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दोन खांबांमधले अंतर खुर्चीच्या रुंदीपेक्षा कमी होते.