मोठ्या जातींच्या पिल्लांतील अस्थिविकारांचे निदान

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर अशा मोठ्या जातींचे पिल्लू वाढीच्या वयात लंगडू लागले, की आधी एक गोष्ट ठरवावी लागते : दुखणे हाडाच्या दांड्यात (मधल्या लांब भागात) आहे, टोकाशी आहे की सांध्यात? याचे उत्तर एक्स-रेपेक्षा बोटांना लवकर मिळते.

प्रथम पिल्लाला चालवून पाहावे. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोके वर जाते. मग कुशीवर निजवून चांगल्या पायापासून सुरुवात करावी. स्नायू बाजूला सारून बोट थेट हाडावर टेकवावे आणि दांडा वरून खालपर्यंत दाबत जावे. घाईत स्नायूच चिमटला, तर निरोगी पिल्लूही कळवळते आणि निदान भरकटते.

दांडा दाबताच पाय ओढून घेतला, तर पॅनऑस्टिआयटिसचा, म्हणजे लांब हाडांच्या दांड्यातील दाहाचा, संशय घ्यावा. तो बहुधा ५ ते १८ महिन्यांच्या वयात होतो. लंगडणे आज या पायात, काही दिवसांनी दुसऱ्या पायात. एक्स-रेमध्ये मज्जेच्या पोकळीत धूसर पांढरे ठिपके दिसतात, पण सुरुवातीला काहीच दिसत नाही. म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. हा विकार आपोआप बरा होतो.

हायपरट्रॉफिक ऑस्टिओडिस्ट्रॉफीचे, म्हणजे हाडांच्या टोकांजवळ होणाऱ्या दाहाचे, तसे नाही. बहुधा २ ते ८ महिन्यांच्या पिल्लाच्या दोन्ही मनगटांच्या जरा वर गरम, दुखरी सूज येते, ताप चढतो, पिल्लू उठेनासे होते. ही सूज सांध्याची समजली जाते, तिथेच चूक होते. एक्स-रेमध्ये वाढपट्टीला (हाड जिथून लांबीने वाढते, त्या टोकाजवळच्या पट्टीला) समांतर दुसरी काळी रेघ दिसते. तीव्र आजारात पिल्लू दगावू शकते, त्यामुळे इथे वाट पाहू नये.

खांदा ताणल्यावर दुखले, तर सांध्यातली कूर्चा हाडापासून सुटल्याची शंका घ्यावी. खुब्याचा सैलपणा मात्र गुंगी देऊनच नीट कळतो. कोपराचा साधा एक्स-रे निर्दोष दिसूनही आत हाडाचा तुकडा सुटलेला असू शकतो. अशा वेळी सीटी स्कॅन उपयोगी पडतो.

एक्स-रे दोन दिशांनी आणि दोन्ही पायांचे काढावेत, कारण उघडी वाढपट्टी अस्थिभंगासारखी भासते.

रक्ततपासणीवर विसंबू नये. वाढत्या पिल्लात फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या वाढीशी संबंधित विकर) मुळातच जास्त असतात. कॅल्शियम कमी असलेल्या नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाची हाडे पातळ झाली, तरी रक्तातले कॅल्शियम बहुधा ठीकच दिसते. शरीर ते हाडांतूनच काढून घेत असते. उलट, कॅल्शियमची पावडर जादा दिली, तर लहान पिल्लाला त्याचे शोषण पुरेसे रोखता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. म्हणून रोजचा आहार आणि पूरकांचे प्रमाण चमच्यापर्यंत विचारून लिहून घ्यावे.