लसीला नकार देण्याचा हक्क आणि गोवराचे गणित

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात, अंगणवाडीतील लसीकरण सत्राच्या वेळी, एका वडिलांनी आपल्या १७ महिन्यांच्या मुलीला गोवर-रुबेला लसीची दुसरी मात्रा देऊ नका, असे शांतपणे सांगितले. नवव्या महिन्यातील पहिल्या मात्रेनंतर आठव्या दिवशी तिला ताप चढून झटका आला होता, रातोरात तिला मिरजेला न्यावे लागले होते, आणि नंतर आरोग्य खात्याकडून कोणीही त्याची चौकशी केली नव्हती. त्यांना उत्तर मिळाले ते एवढेच : ‘‘दादा, लस घेतली नाही तर पुढे शाळेत घेणार नाहीत.’’ त्या सत्राला मी हजर होतो. ते उत्तर चुकीचे होते असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते, मात्र त्या वडिलांची भीती खरी असली तरी त्यांचा निर्णय योग्य होता असेही मला म्हणता येत नाही.

आधी कायद्याचे पाहू. ब्रिटिश सरकारने १८८० साली देवीच्या लसीसाठी सक्तीचा कायदा केला होता, पण बालकांच्या आजच्या लसींची सक्ती करणारा देशव्यापी कायदा भारतात नाही. १९८५ पासून चालत आलेला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम पालकांच्या संमतीवर उभा आहे. शाळांमधील गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी, जानेवारी २०१९ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने लसीच्या संभाव्य दुष्परिणामांसह माहिती देऊन पालकांची संमती घेण्याची गरज स्पष्ट केली. पुढे २ मे २०२२ रोजी, कोविड लसीच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटनेच्या २१ व्या अनुच्छेदानुसार कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते. लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांना पाहता येतील अशी व्यवस्था करण्यासही न्यायालयाने सांगितले. आपल्या मुलीच्या झटक्याची कोठेच नोंद झाली नाही, ही त्या वडिलांची तक्रार म्हणूनच किरकोळ नव्हती.

हक्क आहे हे मान्य केल्यावर खरा प्रश्न पुढे येतो, कारण प्रत्येक लसीला दिलेल्या नकाराचे वजन सारखे नसते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. ती लस नाकारणारा आपल्याच मुलाला धोक्यात घालतो. बीसीजीचा मोठा उपयोग लहान मुलांना क्षयरोगाच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवण्यासाठी होतो, म्हणजे तिथेही तोटा मुख्यतः घरातलाच असतो. डांग्या खोकल्याचे तसे नाही, कारण त्याची पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळते आणि त्याआधीची बाळे आजूबाजूच्या लोकांच्या प्रतिकारशक्तीवरच जगतात.

गोवराचा तर या बाबतीत हात धरणारा दुसरा रोग नाही. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणू हवेत टिकू शकतात, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. समजा हा आकडा १५ आहे. त्या १५ पैकी १४ जण आधीच सुरक्षित असतील तरच साखळी एकावर येऊन अडखळते. १५ पैकी १४ म्हणजे जवळजवळ ९३ टक्के, आणि आकडा १८ धरला तर ९४ टक्क्यांहून अधिक. नवव्या महिन्यात दिलेली एकच मात्रा सुमारे ८५ टक्के मुलांनाच संरक्षण देते, म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी द्यावी लागते आणि दोन्ही मात्रांसाठी ९५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले जाते. गावातल्या शंभर मुलांमागे पाचांचीच ही मोकळीक आहे. नऊ महिन्यांखालील तान्ह्या बाळांना ही लस एरवी दिली जात नाही, आणि रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलांना तर ती देताच येत नाही. त्यांचा सारा भरवसा इतरांवर असतो. त्यात आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात, आणि त्या कोप्यांमधल्या कितीतरी बाळांचे लसीकरणाचे कार्ड मागे गावाकडेच राहिलेले असते. त्यांच्या आईवडिलांनी लस नाकारलेली नसते. ती त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. कारखान्याच्या रस्त्यालगत पक्क्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचा विचारपूर्वक नकार त्या कोपीतल्या बाळाच्या वाट्याची मोकळीक वापरून टाकतो, आणि हे मला फार अस्वस्थ करते.

गोवर म्हणजे अंगावर फुटून गेला की संपला, अशी समजूत अजून घरोघरी आहे. प्रत्यक्षात हजार रुग्णांमागे साधारण एकाच्या मेंदूला सूज येते, आणि न्यूमोनियाने मुले दगावतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या रक्तातील इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. म्हणजे शरीराने आधीच्या आजारांतून शिकलेले बरेचसे पुसले गेले होते. लसीतील दुबळा केलेला विषाणू असे करत नाही.

आता त्या झटक्याविषयी. गोवराच्या लसीनंतर पाचव्या ते बाराव्या दिवसांत ताप येऊ शकतो, आणि साधारण तीन ते चार हजार मात्रांमागे एखाद्या बाळाला त्या तापात झटका येतो. आईवडिलांचा थरकाप उडावा असेच ते दृश्य असते, पण अशा साध्या तापाच्या झटक्याने मेंदूला कायमची इजा होत नाही. दुसऱ्या मात्रेत हा धोका आणखी कमी असतो, कारण पहिल्या मात्रेने बहुतेक मुलांमध्ये प्रतिकारशक्ती तयार झालेली असते आणि त्यांच्या शरीरात लसीतला विषाणू फारसा वाढूच शकत नाही. आधीच्या मात्रेनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल किंवा प्रतिकारशक्ती फार क्षीण असेल, तर मात्र लस टाळण्याचे कारण खरे असते, आणि ते डॉक्टरांनीच विचारून घ्यायला हवे.

पुढच्या सत्राला वैद्यकीय अधिकारी स्वतः आले. त्यांनी मिरजेचे कागद नीट वाचले, झटक्याची नोंद राहून गेल्याचे कबूल केले, ती करून घेतली आणि शाळेची धमकी मागे घेतली. मग कोणती लस कशासाठी आहे, नंतर काय त्रास होऊ शकतो, ताप आला तर पॅरासिटामॉल किती द्यायचे आणि रात्री फोन कोणाला करायचा, हे त्यांनी एकेका लसीचे नाव घेऊन सांगितले. वडिलांनी गोवर-रुबेलाची मात्रा देऊ दिली आणि अर्धा तास मुलीला मांडीवर घेऊन तिथेच बसले. त्रिगुणी लसीची (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची) वर्धक मात्रा त्यांनी त्या दिवशी नको म्हटली. त्यांच्यावर कोणी दबाव टाकला नाही. आशाताईंनी कार्डावर पुढच्या महिन्याची तारीख पेन्सिलने लिहून दिली.