टिंग-टाँग घंटीतली तोफ

दारावरची जुन्या धाटणीची टिंग-टाँग घंटी मेन स्विच बंद करून एकदा उघडून बघा. प्लॅस्टिकच्या नळीवर तांब्याच्या बारीक तारेचे वेढेच वेढे, नळीत बोटाएवढी सैल लोखंडी दांडी, एक नाजूक स्प्रिंग आणि दोन टोकांना धातूच्या दोन पट्ट्या. बटण दाबलं की दांडी झटक्यात आत ओढली जाते आणि त्याच वेगात पुढच्या पट्टीवर आपटते : टिंग. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे लोटते आणि ती दुसऱ्या पट्टीवर आदळते : टाँग.

दांडीला त्या तारेचा स्पर्शही होत नाही, तरी ती धावते. मला हे दर वेळी तितकंच नवल वाटतं.

तारेतून वीज वाहिली की जवळची होकायंत्राची सुई हलते, हे कोपनहेगनमध्ये हान्स क्रिश्चन ऑर्स्टेड यांनी १८२० साली दाखवलं. एका तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र दुबळं असतं. पण तारेचे वेढे घातले की नळीच्या पोटात सगळ्या वेढ्यांची क्षेत्रं एकाच दिशेला पडतात आणि त्यांची बेरीज होते. लोखंडात एरवी दहा दिशांना तोंडं करून बसलेले सूक्ष्म चुंबकीय प्रदेश त्या क्षेत्रात एका दिशेला वळतात. दांडी स्वतःच चुंबक होते आणि जिथे क्षेत्र सगळ्यांत प्रबळ, तिथे, म्हणजे कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) मध्याकडे, खेचली जाते. प्रवाह उलटा करा, तरी ती आतच जाते, कारण क्षेत्राबरोबर तिचे ध्रुवही उलटतात.

इथेच बहुतेकांची समजूत चुकते. कॉइल लोखंडाला ढकलत नाही, ती फक्त ओढते. दांडी मध्य ओलांडून पुढे गेली की तीच कॉइल तिला मागे खेचू लागते. म्हणून कॉइलमधून लोखंड फेकायचं असेल, तर खरं कसब प्रवाह सोडण्यात नाही, वेळेवर तोडण्यात आहे. सेकंदाला १०० मीटर वेगानं जाणारा गोळा ५ सेंटिमीटरची कॉइल अर्ध्या मिलिसेकंदात पार करतो. शिवाय कॉइलमधला प्रवाह तोडायला गेलं की तो लगेच थांबत नाही, स्विचच्या फटीतून ठिणगी होऊन उडी मारायला बघतो. आणि साधारण २ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) लोखंडाची चुंबक होण्याची ताकद संपते. त्यापुढे प्रवाह वाढवला, तरी ओढ पूर्वीच्या पटीत वाढत नाही.

ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, पण तेही उडवता येतं. लोखंडी गाभ्यावर कॉइल बसवायची, गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचं कडं घालायचं आणि कॉइलला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा, प्रवाह द्यायचा. कडं टुणकन वर उडतं. अमेरिकेतले संशोधक एलिहू थॉमसन यांनी १८८७ मध्ये हा प्रयोग लोकांसमोर मांडला. बदलत्या क्षेत्रामुळे कड्यात उलट दिशेचा प्रवाह फिरतो आणि दोन्ही प्रवाह एकमेकांना दूर लोटतात. कडं एका जागी कापलं, तर प्रवाहाची वाट तुटते आणि ते जागचं हलत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये गार केलं, तर धातूचा विजेला होणारा रोध घटतो आणि ते आणखी उंच जातं. कचरा वेगळा करण्याच्या यंत्रात सरकत्या पट्ट्याच्या टोकाशी वेगानं फिरणारे चुंबक ॲल्युमिनियमचे डबे असेच बाजूला उडवतात.

घंटीतल्या युक्तीची तोफ करण्याचं स्वप्न नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलांड यांनी पाहिलं. ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारा हा माणूस. एकामागोमाग एक कॉइल लावून लोखंडी गोळा फेकण्याची कल्पना त्यांनी मांडली, तिचं पेटंट घेतलं आणि ६ मार्च १९०३ रोजी क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या विद्यापीठात बड्या पाहुण्यांसमोर तिचं प्रात्यक्षिक ठेवलं. कळ दाबली आणि शॉर्ट सर्किट झालं. डोळे दिपवणारी, कानठळ्या बसवणारी ज्वाळा उठली आणि सभागृहात घबराट पसरली.

तोफ तिथेच संपली. पण ठिणगी म्हणजे हवेतून वाहणारा प्रवाहच, आणि चुंबकीय क्षेत्र प्रवाहाला ढकलतं, मग तो तांब्यातला असो की तापलेल्या हवेतला. बिर्केलांड यांनी अभियंता साम आयडे यांच्यासोबत हेच कामाला लावलं. दोन विद्युतअग्रांमधल्या (वीज जोडलेल्या धातूच्या टोकांमधल्या) ज्वाळेला त्यांनी चुंबकानं ताणून ताटासारखं पसरवलं आणि त्यातून हवा सोडली. सुमारे ३,००० अंश सेल्सियसला हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो. त्यातून नायट्रिक आम्ल आणि पुढे कॅल्शियम नायट्रेट हे खत तयार होतं. या धंद्यासाठी १९०५ साली नॉर्स्क हायड्रो कंपनी उभी राहिली. भट्ट्यांना वीज मिळाली नॉर्वेच्या धबधब्यांची, आणि ज्या ज्वाळेनं सभागृहातली माणसं हादरली होती, तिच्यातून शेतासाठी खताची पोती भरू लागली.