सॅनडिस्क : उत्पादने आणि ठाणे–नवी मुंबईतील बाजार

सॅनडिस्क : फ्लॅश स्मृतीवर (वीज बंद झाली तरी माहिती धरून ठेवणाऱ्या चिपांवर) चालणारी मेमरी कार्डे, पेनड्राइव्ह आणि एसएसडी (संगणकातल्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी साठवण) बनवणारी अमेरिकन कंपनी. स्थापना १९८८, मुख्यालय कॅलिफोर्नियातील मिल्पिटास येथे. ठाणे किंवा नवी मुंबईत तिचा कारखाना नाही. भारतातले तिचे अभियांत्रिकीचे काम मुख्यतः बंगळूरूला चालते. मात्र या दोन शहरांत फ्लॅश साठवणुकीची सगळी रूपे तासाभराच्या लोकल आणि रिक्षाच्या अंतरात पाहायला मिळतात. नौपाड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह आहे, लग्नाच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातले कार्ड आहे आणि महापे–ऐरोलीच्या डेटा सेंटरमधले सर्व्हरही आहेत. म्हणून इथे कंपनीचा इतिहास थोडक्यात आटोपून मालाची आणि गिऱ्हाइकाची बाजू विस्ताराने घेतली आहे.

फ्लॅश स्मृतीचा शोध या कंपनीचा नव्हे. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली आणि आज सर्वत्र वापरला जाणारा तिचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये आणला. सगळी माहिती एका झटक्यात पुसली जाते, ते कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे वाटले म्हणून मासुओकांच्या एका सहकाऱ्याने हे नाव सुचवले. इलाय हरारी, संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन या तिघांनी काढलेल्या कंपनीचे नाव सुरुवातीला ‘सनडिस्क’ होते. ‘सॅनडिस्क’ झाले १९९५ मध्ये. कानपुरात जन्मलेले मेहरोत्रा २०११ ते २०१६ या काळात कंपनीचे प्रमुख होते आणि पुढे प्रतिस्पर्धी मायक्रॉनचे प्रमुख झाले. कंपनीने १९९१ मध्ये आयबीएमसाठी बनवलेल्या पहिल्या फ्लॅश डिस्कची क्षमता २० एमबी होती आणि किंमत सुमारे हजार डॉलर. आज मोबाइलवर काढलेले पाच-सहा फोटो तेवढी जागा खातात.

पुढचे टप्पे भराभर आले. १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आले. १९९९ मध्ये मात्सुशिता (आताची पॅनासॉनिक) आणि तोशिबा यांच्यासोबत एसडी कार्ड जाहीर झाले. २००४ मधले ट्रान्सफ्लॅश पुढच्याच वर्षी मायक्रोएसडी म्हणून मान्य झाले. १५ मिमी × ११ मिमीच्या त्या तुकड्यात सुरुवातीला थोडेच एमबी मावत. २०१९ मध्ये कंपनीने त्याच आकारात १ टीबीचे कार्ड दाखवले. चिप बनवण्यासाठी तोशिबाशी (त्या विभागाचे नाव आता कियॉक्सिया) केलेली भागीदारी जपानमधल्या योक्काइची येथे आजही चालू आहे. २००८ मध्ये सॅमसंगने कंपनी विकत घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. २०१६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने ती घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा वेगळी केली.

या मालाचा बाजार समजायचा तर आतली वस्तू काय आहे ते थोडे पाहावे लागते. चिपेतल्या प्रत्येक पेशीत, म्हणजे माहिती ठेवायच्या सूक्ष्म कप्प्यात, इलेक्ट्रॉन कोंडून ठेवण्याची जागा असते, भोवती विद्युतरोधक थर असतो. कोंडलेला भार किती, त्यावरून माहिती वाचली जाते. शाळेतल्या पाटीशी याची तुलना करता येईल, एका फरकासह: या पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण पुसायची झाली तर मोठा चौकोनच्या चौकोन धुवावा लागतो. दर धुण्यागणिक रोधक थर झिजतो. एका पेशीत एकच बिट (माहितीचा सर्वांत लहान कण) ठेवला तर ती साधारण लाखभर वेळा पुसणे सोसते. तीन बिट कोंबले तर हजार ते तीन हजारांवर आटोपते. चार बिटांच्या पेशी आणखी स्वस्त आणि आणखी अल्पायुषी. झीज सगळ्या पेशींत वाटून टाकणे, नासलेल्या पेशी बाजूला काढणे, चुका दुरुस्त करणे ही कामे चिपशेजारचा कंट्रोलर करतो. दोन कंपन्यांच्या कार्डांतला फरक बऱ्याचदा याच कारभाऱ्यात असतो.

सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा तयार होतात आणि त्या सारख्या निघत नाहीत. तपासून त्यांची प्रतवारी करतात. वाशीच्या एपीएमसीत मार्च-एप्रिलमध्ये हापूसचे जे होते तेच इथे होते. एकाच बागेतले निवडक फळ निर्यातीला जाते, त्याखालचे पेटीत, डागी माल कॅनिंगला. उत्तम चिपा सर्व्हरच्या एसएसडीत आणि महागड्या कार्डांत बसतात, त्याखालच्या साध्या कार्डांत, आणि उरलेल्या खुल्या बाजारात विकल्या जाऊन कुणाच्या तरी बिननावाच्या पेनड्राइव्हमध्ये किंवा जाहिरातीसाठी फुकट वाटायच्या भेटवस्तूत जातात. चिपा स्वतः बनवणाऱ्या कंपन्या जगात मूठभरच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स, कियॉक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन आणि चीनची वायएमटीसी. किंग्स्टनसारखे प्रसिद्ध नावही चिपा बाहेरून घेते. दुकानात दिसणारे डझनभर ब्रँड म्हणजे पेट्या वेगळ्या, बागा त्याच.

आता गिऱ्हाईक. २००८–१५ च्या सुमारास ठाणे स्टेशनपासून कळव्या-मुंब्र्यापर्यंत मोबाइलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या असत. गिऱ्हाईक दोन-चार जीबीचे कार्ड देई आणि दुकानदार संगणकावरच्या फोल्डरमधून कोळीगीते, भावगीते, भक्तिगीते, नवे हिंदी असे सगळे ओतून देई. कायद्याने हे चुकीचे होते, पण मेमरी कार्ड ही वस्तू घराघरांत पोचवण्यात कोणत्याही जाहिरातीपेक्षा या पाट्यांचा वाटा मोठा असावा. स्वस्त इंटरनेट आले आणि हा धंदा दोन-तीन वर्षांत बसला. त्याचा अवशेष आता गणेशोत्सवात दिसतो: मंडळाच्या स्पीकरला मागून लावलेला, आरत्या भरलेला पेनड्राइव्ह, जो अनंत चतुर्दशीनंतर खजिनदाराच्या खणात वर्षभर पडून राहतो. विनावीज पडून राहणे फ्लॅशला मानवत नाही. भार हळूहळू गळतो आणि उष्णतेने जास्त गळतो. साध्या संगणकातल्या एसएसडीसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष आयुष्य संपत आलेल्या साधनाकडून ३० अंश सेल्सिअसला वर्षभर माहिती टिकण्याची अपेक्षा धरतो, त्याहून जास्त नाही. नवा पेनड्राइव्ह कितीतरी जास्त टिकतो; तरी सोसायटीची जुनी इतिवृत्ते किंवा मुलांचे लहानपण एकाच पेनड्राइव्हवर ठेवून कपाट बंद करणे शहाणपणाचे नाही.

झेरॉक्सच्या दुकानांची गोष्ट निराळी. कॉलेजांच्या आसपास प्रकल्पाची छपाई करायला गेलेला पेनड्राइव्ह परत येताना विषाणू घेऊन येई: खरे फोल्डर दडलेले आणि त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. या विषाणूने एका पिढीला ‘हिडन फाइल्स’ हा शब्द शिकवला. आता दुकानदारच म्हणतो, ‘फाइल व्हॉट्सॲप करा’. मोबाइलमधून कार्डाची खाचही नाहीशी होत चालली. साठवण आतच बसवलेली येते आणि जास्त जीबीचे मॉडेल घेण्याचे पैसे दुकानदाराऐवजी मोबाइल कंपनीकडे जातात. सुटे कार्ड मागणारे गिऱ्हाईक बदलले ते यामुळे.

आजची मुख्य मागणी दोन ठिकाणची. पहिली छायाचित्रकारांची. लग्नसराईत दोन खाचांच्या कॅमेऱ्यात दोन कार्डे घालून एकाच वेळी दोन्हींवर लिहिणे ही आता रीत झाली आहे, कारण सप्तपदी पुन्हा करायला लावता येत नाही. वेष्टनावर ठळक छापलेला आकडा वाचण्याच्या वेगाचा असतो. चित्रीकरणाला लागतो तो लिहिण्याचा, आणि तोही सलग टिकणारा. त्यासाठी व्ही३० ही बारीक खूण पाहावी: सेकंदाला किमान ३० एमबीची ती हमी. शिवाय कार्ड आणि साधन यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या यूएचएस-१ या प्रकाराची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. एक्स्ट्रीम प्रो मालिकेतल्या कार्डांवर लिहिलेले २०० एमबी कंपनीच्या स्वतःच्या रीडरवरच मिळतात. जाहिरात खोटी नाही, पण अर्धी आहे. दुसरी मागणी घरगुती वायफाय कॅमेऱ्यांची. फ्लॅटच्या दाराशी लावलेला कॅमेरा चोवीस तास लिहितो, भरले की जुने पुसून पुन्हा लिहितो. साधे कार्ड यात लवकर मरते आणि मेल्याचे कळते ते बहुधा चोरी झाल्यावर. यासाठी वेगळी ‘एन्ड्युरन्स’ मालिका आहे. मॅक्स एन्ड्युरन्सच्या २५६ जीबी कार्डाला कंपनी १,२०,००० तास चित्रीकरणाचा आकडा देते. तरीही दुकानात पहिला प्रश्न ‘किती जीबी?’ हाच असतो.

जीबीवरून होणारे एक जुने भांडण इथे नोंदवायला हवे. ६४ जीबीचे कार्ड संगणकाला लावले की ५९.६ दिसते आणि गिऱ्हाईक बिल घेऊन परत येते. यात लबाडी नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या घातांत मोजते. माल तोच, मापे दोन.

खरी लबाडी नकली कार्डांत. सॅनडिस्क हे सर्वाधिक नक्कल होणाऱ्या नावांपैकी एक. नक्कल करणारा ८ जीबीची चिप घेतो आणि कंट्रोलरला ‘मी १२८ जीबीचा’ असे सांगायला शिकवतो. संगणक त्यावर विश्वास ठेवतो. पहिले ८ जीबी सुरळीत जातात, नंतरचे कुठेच जात नाहीत किंवा आधीच्यावरच लिहिले जातात. फाइलींची नावे दिसत राहतात, उघडत मात्र नाहीत. म्हणजे फसवणूक उघडी पडते ती सहल संपवून घरी आल्यावर. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत निदान आंबा तरी असतो. ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच: विकत घेतल्या दिवशी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारख्या मोफत प्रोग्रॅमने कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहणे. वेष्टनावर छापील किंमत आणि आयातदाराचे नाव-पत्ता असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर वस्तू परत द्यावी. ठाणे-वाशीतल्या किरकोळ दुकानांचा माल वितरकांकडून येतो तसा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या घाऊक बाजारातूनही येतो. मधले हात वाढतात तसे बिल मागण्याचे महत्त्वही वाढते, आणि बिलाला कंटाळणाऱ्या दुकानदाराचा पाच टक्के स्वस्त माल बहुधा महागच पडतो.

अस्सल मालही निर्दोष असतोच असे नाही. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम आणि एक्स्ट्रीम प्रो मालिकेतल्या काही पोर्टेबल एसएसडींमधून माहिती नाहीशी होण्याच्या तक्रारींनंतर वेस्टर्न डिजिटलला फर्मवेअर (साधनाच्या आतला, ते चालवणारा प्रोग्रॅम) सुधारून द्यावे लागले. अमेरिकेत दावेही दाखल झाले. हमीत साधन बदलून मिळते, त्यावरची माहिती मिळत नाही, हे वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत असते.

ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात बाजाराचे दुसरे टोक आहे. जिथे रसायने आणि यंत्रे बनत, तिथल्या अनेक भूखंडांवर आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती आहेत: रबाळ्याला सिफी, महापेला कंट्रोल-एस, आणि पट्ट्याबाहेर पनवेलला २०२० मध्ये सुरू झालेले योट्टाचे केंद्र. इथल्या सर्व्हरांत बसणारे एसएसडी दुकानातून येत नाहीत. ते सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांमार्फत मोठ्या करारांनी येतात. या बाजारात शिरण्यासाठी सॅनडिस्कने २०११ ते २०१४ दरम्यान प्लायंट, स्मार्ट स्टोरेज आणि फ्यूजन-आयओ या कंपन्या विकत घेतल्या होत्या. गंमत अशी की ऐरोलीच्या आयटी संकुलांतल्या कित्येक कार्यालयांत आणि डेटा सेंटरांत पेनड्राइव्ह आत न्यायला बंदी असते. सुरक्षारक्षक तो गेटवरच काढून ठेवायला लावतो.

ही दोन टोके वेगळी वाटली तरी चिप एकाच कारखान्यातून येते, आणि ते २०२५ च्या अखेरीस काउंटरवर जाणवले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जगभर मागणी वाढवली, चिपांचे भाव चढले आणि किरकोळ कार्डे व एसएसडीही महागली. वर्षानुवर्षे दर दिवाळीला स्वस्त होणाऱ्या या वस्तूची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला ‘मागच्या महिन्याचा भाव विसरा’ हे वाक्य कांद्याच्या वखारीबाहेर पहिल्यांदाच ऐकावे लागले.