एसएमपीएसच्या लेबलावरची बारा व्होल्टची ओळ

माझ्या भाच्याने गेल्या एप्रिलमध्ये आपल्या तीन वर्षे जुन्या संगणकात आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवले. पडद्यावर चित्र आले, विंडोज सुरू झाली, सारे सुरळीत वाटले. मात्र गेम उघडून पाच मिनिटे होतात न होतात तोच संगणक पंख्यांसकट एकाएकी बंद पडे आणि एसएमपीएसचे (भिंतीतली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणाऱ्या डब्याचे) मागचे बटण बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज दाद देत नसे. कार्ड खराब असावे, असा निर्वाळा दुकानदाराने दिला होता. मी कॅबिनेटचे झाकण काढून आधी एसएमपीएसचे लेबल वाचले.

त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट असे छापलेले होते. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा वेगवेगळ्या ओळींवर वीज पुरवतो; खालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर एवढाच आकडा होता. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट, त्यामुळे या ओळीची खरी कुवत १६८ वॅट ठरते. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींवर उदार हाताने दाखवून वरचा आकडा फुगवलेला होता, आणि आजच्या संगणकाला त्या ओळींचा फारसा उपयोग नसतो. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हीच १२ व्होल्टची ओळ ४५ अँपिअरच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ सगळी शक्ती तिथेच उपलब्ध असते.

सगळा भार १२ व्होल्टवर का गेला, याचे उत्तर तारेत आहे. जुने प्रोसेसर ५ व्होल्टच्या ओळीवर चालत. २००० सालच्या सुमारास पेंटियम ४ आला आणि प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी रूढ झाली. १२० वॅट पोहोचवायचे तर ५ व्होल्टला २४ अँपिअर लागतात, १२ व्होल्टला फक्त १०. आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, त्याच तारेत पहिल्या बाबतीत ती पावणेसहा पट होते. म्हणून शक्ती १२ व्होल्टला न्यायची आणि चिपच्या अगदी शेजारी तिचे एक व्होल्टच्या आसपास रूपांतर करायचे, अशी व्यवस्था प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोहोंत असते.

आता भाच्याच्या संगणकाचा हिशेब मांडू. कार्ड ११५ वॅट घेते. त्याचा आय५-१२४०० हा प्रोसेसर एरवी ६५ वॅटचा, पण जोर लावताना ११७ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांना ५०-६० वॅट धरले तर बेरीज २९० वॅटच्या घरात जाते. १६८ वॅटच्या ओळीने हात वर केले यात तिचा काही अपराध नव्हता, उलट तिने वेळीच स्वतःला बंद करून घेतले हे नशीबच.

मग या कार्डासाठी त्याची चिप बनवणारी एनव्हिडिया कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस का सुचवते, असा प्रश्न वाचकाला पडेल. थोडी सढळता दुकानातल्या फुगीर लेबलांसाठी असावी, हा माझा अंदाज. खरे कारण मात्र क्षणिक उसळ्यांचे आहे. ग्राफिक्स कार्डाचा छापील आकडा ही सरासरी असते. चित्राचा भार बदलतो तसे कार्ड सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरते सरासरीच्या कितीतरी वर उसळते, आणि मोठ्या कार्डांत ही उसळी दुपटीच्या जवळ जाऊ शकते. २०२० साली आरटीएक्स ३०८० बाजारात आल्यावर अनेकांचे चांगले एसएमपीएसही यामुळे बंद पडू लागले. एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच, नव्या सोळा पिनांच्या जोडणीच्या मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता छापील क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे, अशी अट आली. मोठे कार्ड घेणाऱ्याने हे मानक लेबलावर जरूर शोधावे.

कार्डाला वीज देणाऱ्या जोडण्यांचाही हिशेब ठरलेला आहे. कार्ड बसते ती मदरबोर्डवरची खाच ७५ वॅटपर्यंत देते, सहा पिनांची जोडणी आणखी ७५, आठ पिनांची १५०, आणि नवी सोळा पिनांची ६०० वॅटपर्यंत. ही शेवटची पूर्ण आत बसली नाही तर तापून वितळते, म्हणून ती शेवटपर्यंत दाबून बसवावी. पुण्याच्या तपकीर गल्लीत साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) जोडणीचे आठ पिनांत रूपांतर करणारी वायर सहज मिळते आणि भाच्याने ती घेतलीही होती. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅट. तिच्याकडून १५० मागणे म्हणजे आग लावण्याची तयारी. सगळी सोंगे आणता येतात, अँपिअरचे आणता येत नाही. सुट्या होणाऱ्या वायरींच्या एसएमपीएसबाबत आणखी एक धोका आहे: एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला बसते, पण आतला पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि क्षणात हार्ड डिस्क जळते. जुन्या वायरी जुन्या एसएमपीएसबरोबरच देऊन टाकाव्यात.

एसएमपीएसवरचा कार्यक्षमतेचा बिल्ला ब्राँझ असावा की गोल्ड, यावर मात्र वाद फार होतो आणि फरक थोडा पडतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भाराला ब्राँझची कार्यक्षमता किमान ८५ टक्के असावी लागते, गोल्डची ९०. आपल्या २३० व्होल्टला दोन्ही किंचित बरी निघतात. ३०० वॅटच्या भाराला भिंतीतून अनुक्रमे ३५३ आणि ३३३ वॅट जातात, म्हणजे रोज चार तास खेळणाऱ्याचे वर्षाला २९ युनिट वाचतात. शिवाय हे बिल्ले कार्यक्षमता सांगतात, सुरक्षितता नव्हे. मी त्याऐवजी आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे, हे विचारतो. तापमान दहा अंशांनी उतरले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि पुण्यातल्या एप्रिलमध्ये खोलीच पस्तीसच्या पुढे असते.

भाच्याने अखेर ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस घेतला आणि गेम चालू लागला. राहिला होता टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस, ज्यावर बारीक अक्षरांत ३६० वॅट असे छापलेले आहे. संगणकाचे २९० वॅट कार्यक्षमतेने भागले की भिंतीकडून साधारण ३४० मागितले जातात, वर मॉनिटरचे २५-३०. म्हणजे यूपीएस काठाच्याही पलीकडे. त्यामुळे हल्ली दुपारी पर्वतीच्या बाजूला वळवाचे ढग दिसू लागले की तो वीज जाण्याची वाट न पाहता खेळ सेव्ह करून ठेवतो.