१८चा फिल्टर आणि ४१चा फिल्टर: दिसायला जुळे, चेस्ट भरली की वेगळे

माइनक्राफ्ट या गेममध्ये आयटम सॉर्टर, म्हणजे प्रत्येक वस्तू आपोआप तिच्या चेस्टमध्ये (पेटीत) टाकणारी यंत्रणा, बांधताना एक जण सांगतो, फिल्टरच्या हॉपरमध्ये (माल ओढून पुढे देणाऱ्या नरसाळ्यात) पहिल्या स्लॉटला, म्हणजे खणाला, निवडायच्या वस्तूचे १८ नग ठेवा. दुसरा सांगतो ४१. उरलेल्या चार स्लॉटमध्ये दोघंही एकेक फिलर, म्हणजे नुसती जागा अडवणारी वस्तू, टाकतात. बांधणीही तीच वाटते: वर हॉपरची लाइन, तिच्याखाली फिल्टरचा हॉपर, त्याखाली चेस्टमध्ये माल सोडणारा हॉपर, मागे कंपॅरेटर, रेडस्टोन डस्ट (सिग्नल वाहणारी पूड), तो पुढे देणारा रिपीटर आणि पेटलेली असेतो खालचा हॉपर बंद ठेवणारी टॉर्च. मग आकडा ज्याच्या त्याच्या सवयीचा वाटतो. पण तो सवयीचा नाही. फरक पहिल्या दिवशी दिसत नाही, एखादी चेस्ट गच्च झाली की दिसतो.

आधी हिशेब. कंपॅरेटर हॉपर किती भरलाय ते बघतो आणि तेवढा सिग्नल देतो. पाच स्लॉट, प्रत्येकी ६४, म्हणजे ३२० नगांची जागा. त्यात एक नग असला की सिग्नल १, २३ झाले की २, ४६ झाले की ३, ६९ झाले की ४. १८ अधिक ४ फिलर म्हणजे २२. एक नग आला की सिग्नल २. ४१ अधिक ४ म्हणजे ४५; एक नग आला की ३. सिग्नल रिपीटरपर्यंत पोचला की टॉर्च विझते, खालचा हॉपर मोकळा होतो, एक नग ओढून घेतो आणि पुन्हा बंद पडतो.

सिग्नल डस्टच्या दर घराला (ब्लॉकला) एकने घटतो. म्हणून १८च्या फिल्टरमध्ये कंपॅरेटर आणि रिपीटर यांच्यात डस्टची दोन घरं लागतात, ४१च्या फिल्टरमध्ये तीन. खरा फरक एवढाच, आणि व्हिडिओत तो सहज नजरेतून सुटतो.

आता दगडाची चेस्ट भरली असं धरा. खालचा हॉपर तुंबतो, फिल्टरचा पहिला स्लॉट ६४पर्यंत चढतो. अधिक ४ फिलर, एकूण ६८. सिग्नल ३. यापुढचा दगड फिल्टरमध्ये मावत नाही, लाइनवरून पुढे जातो. इथवर दोन्ही फिल्टर सारखेच वागतात. पण फिल्टर एकमेकांना चिकटून बांधले असतील, तर त्यांच्या डस्टच्या ओळीही बाजूने जोडलेल्या असतात. १८च्या बांधणीत शेजाऱ्याच्या पहिल्या घरात २ पोचतो, दुसऱ्यात १, आणि शेजाऱ्याचा रिपीटर पेटतो. त्याची टॉर्च विझते ती विझलेलीच राहते. खालचा हॉपर त्याचे १८ नग खेचतो, मग फिलरही. स्लॉट रिकामे झाले की लाइनवरून येईल ते आत: माती, बिया, कुजकं मांस, सगळं त्या चेस्टमध्ये. तीही भरली की पुढच्या शेजाऱ्याची पाळी.

४१च्या बांधणीत हाच ३ शेजाऱ्याच्या दुसऱ्या घरात १ होऊन संपतो. तिसऱ्यात पोचत नाही. शेजारी पेटवायला ४ लागतो, म्हणजे ६९ नग, आणि इथे कमाल ६८. एका नगाने वाचतो!

ही सुरक्षा फिलर चारच असण्यावर उभी आहे. महागडा आयटम वाचवायला काही जण १ हिरा आणि ४४ फिलर ठेवतात. बेरीज ४५च येते, फिल्टर छान चालतोही. पण हिरे ६४ झाले की एकूण १०८, सिग्नल ५, आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन शेजारी उघडतात. १६च्या थप्पीचे, म्हणजे एका स्लॉटमध्ये १६च मावणारे फिलर (अंडी, पाट्या) टाकले तरी तेच: एकेक फिलर चार नगांएवढा मोजला जातो, त्यामुळे ४१चा स्लॉट गळत गळत २९वर येतो आणि भरल्यावर सिग्नल ४ देतो. फिलर ६४च्या थप्पीचाच घ्या. ऐरणीवर नाव बदललेली काडी उत्तम, तिच्यावर दुसरं काही साचत नाही. फिलर पहिल्या स्लॉटमध्ये मात्र नको, कारण खालचा हॉपर पहिल्या स्लॉटपासून ओढतो. फिल्टरच्या हॉपरचं तोंड खाली नको, कंपॅरेटरकडे हवं.

एंडर पर्लसारख्या १६च्या आयटमला ४१च्या बांधणीत १० नग लागतात, १८च्या बांधणीत ४. तलवारी, चिलखतं अशा थप्पी न होणाऱ्या वस्तू या पद्धतीने वेगळ्या करता येत नाहीत. त्यांना शेवटच्या चेस्टमध्ये जाऊ द्यावं.

एकटा फिल्टर असेल, किंवा दोन फिल्टरमध्ये एक घर मोकळं सोडायची तयारी असेल, तर १८ पुरे. डस्टचं एक घर वाचतं. चिकटून रांग लावायची तर आम्ही ४१शिवाय दुसरं सुचवणार नाही. नग साठवत बसायचीही गरज नाही: तीन घरांच्या बांधणीत १ हिरा आणि ४ फिलर ठेवा, पुढचे ४० हिरे फिल्टर स्वतःच धरून ठेवतो. तोवर चेस्ट रिकामी दिसेल. ती बिघाड समजून काही उपटू नका.

उलट ४१ ठेवून आलात आणि थोड्या वेळाने स्लॉटमध्ये १८च उरले, तर कंपॅरेटरच्या मागे जाऊन डस्ट मोजा. दोनच घरं असतील.